जर्मनीतला इंटिग्रेशन कोर्स: 1603 युरो वसूल होतात का?

जर्मनीत कायमचं राहायला येणाऱ्याने जर्मन शिकावं का, या वादाला तिथल्या सरकारने 2005 साली आपल्यापुरतं उत्तर दिलं. त्या वर्षी 1 जानेवारीला स्थलांतराचा नवा कायदा लागू झाला आणि त्यातूनच इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे स्थलांतरितांना जर्मन भाषा आणि तिथल्या समाजाची ओळख करून देणारा कोर्स, आला. शिका म्हणायचं, तर वर्गही काढायचा आणि निम्मा खर्चही उचलायचा, ही त्यातली मोठी जमेची बाजू. वर्ग मात्र सगळ्यांना सारखा लाभत नाही.

कोर्स 700 तासिकांचा आहे, तासिका 45 मिनिटांची. त्यातल्या 600 भाषेच्या आणि उरलेल्या 100 देशाचा कायदा, इतिहास आणि समाज यांची ओळख करून देणाऱ्या. भाषेचे शंभर-शंभर तासिकांचे सहा भाग असतात: पहिले दोन ए-1, पुढचे दोन ए-2, शेवटचे दोन बी-1 (भाषेच्या या युरोपीय पातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत चढत जातात). तासिकेला 2.29 युरो, म्हणजे एका भागाला 229 आणि पूर्ण कोर्सला 1603 युरो. पैसे भागागणिक आगाऊ भरायचे. सरकारी निर्वाहभत्ता मिळणाऱ्यांना फी माफ होते. आठवड्याला 20 तासिकांचा वर्ग धरला, तर एक भाग पाच आठवड्यांत उरकतो आणि सगळा कोर्स 35 आठवड्यांत.

नाव घालण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेतून, पात्रतेचं पत्र घ्यावं लागतं. बहुतेक घोळ इथेच होतो. पहिला निवास परवाना मिळाल्यापासून एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो संपतो, आणि घर लावण्यात, मुलांच्या किंडरगार्टनसाठी पळापळ करण्यात ते वर्ष कधी सरतं ते कळतही नाही. दुसरी अडचण खास आपल्याकडच्या मंडळींची. पदवीधराला ‘तुम्हाला या मदतीची फारशी गरज नाही’ म्हणून हक्क नाकारता येतो. पण भाषेअभावी शिक्षणाला साजेशी नोकरी मिळत नसेल, तर नियमात अपवाद आहे. त्यामुळे बीई किंवा एमकॉम झालेल्या जोडीदाराने अर्जासोबत पदवी आणि कोणत्या प्रकारच्या कामासाठी जर्मन लागतं आहे ते लेखी द्यावं. तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये राहत नाही.

मग पातळी ठरवायची चाचणी. ती हलक्यात घेऊ नका. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए-1 नीट झालं असेल तर थेट तिसऱ्या भागात बसता येतं आणि 458 युरो वाचतात. ए-1 होऊन दोन-तीन वर्षं गेली असतील तर मात्र दुसऱ्या भागापासून सुरुवात केलेली बरी. वरच्या वर्गात बसून काही कळेनासं झालं, की माणूस दांड्या मारायला लागतो.

जोडीदाराच्या व्हिसासाठी ए-1 आधीच लागत असेल, तर गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षेचंच प्रमाणपत्र चालतं. ही अट 2007 पासूनची आहे आणि तिच्यातली विषमता खटकते. हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलेल्याच्या बायकोला ए-1 पास होऊन यावं लागतं. ब्लू कार्ड, म्हणजे चांगल्या पगाराच्या उच्चशिक्षितांचा निवास परवाना, असलेल्या इंजिनियरच्या बायकोला एक शब्दही येण्याची सक्ती नाही. अमेरिकन किंवा जपानी नागरिकाच्या जोडीदारालाही सूट. सूट मिळालेली माणसं निवांत राहतात आणि डॉक्टरकडे, शाळेच्या पालकसभेत नवऱ्यावर किंवा बायकोवर अवलंबून राहतात. भाषा खरंच सगळ्यांसाठी गरजेची मानायची, तर पगार आणि पासपोर्ट बघून सूट देण्यात अर्थ काय?

प्रत्यक्ष वर्ग शिक्षकावर आणि संस्थेवर अवलंबून. फोक्सहोखशूले, म्हणजे जवळपास प्रत्येक शहरात असलेली प्रौढशिक्षण शाळा, हा सहसा भरवशाचा पर्याय. वर्गात सीरियापासून युक्रेनपर्यंतची माणसं असतात, कुणी डॉक्टर, कुणी जेमतेम शाळा पाहिलेलं. पहिल्या दिवसापासून सगळं जर्मनमध्येच चालतं, कारण दुसरी सामाईक भाषाच नसते. ते चांगलंच आहे. वेग मात्र सर्वांत मागच्या माणसाच्या अंदाजाने ठरतो आणि शिकायची सवय असलेला माणूस ए-2 मध्ये कंटाळतो. नोकरी करणाऱ्याला सकाळची बॅच जमत नाही. संध्याकाळची मिळाली तर कोर्स वर्षाच्या पुढे रेंगाळतो.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकटात मिळतात. तीन लिंगांची सवय आहे. ‘चमचा’तला च आहे म्हणून जर्मन ‘त्सूक’ आणि ‘त्साइट’ म्हणताना जीभ अडत नाही. ‘वाइल’ (कारण) लावून सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी टाकायलाही त्रास होत नाही. घोटाळा साध्या वाक्यात होतो: तिथे क्रियापद दुसऱ्या जागेवरच हवं आणि ते आपण सवयीने मागे ढकलतो. लिंगांची सवय असली तरी यादी नवीच पाठ करायची, कारण त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे.

भाषेच्या भागांच्या शेवटी डीटीझेड, म्हणजे स्थलांतरितांसाठीची जर्मन भाषेची परीक्षा: ऐकणं 25 मिनिटं, वाचन 45, लेखन 30, बोलणं साधारण 16. बी-1 मिळवायला बोलण्यात बी-1 हवंच, आणि शिवाय लेखनात किंवा ऐकणं-वाचन या जोडगोळीत बी-1 हवं. म्हणजे व्याकरण पक्कं आणि तोंड बंद, अशा माणसाला ए-2 वर थांबावं लागतं. बोलण्यात 100 पैकी 75 गुण लागतात. ओळख पाठ करून येते, पण परीक्षक त्यावर प्रश्न विचारतात आणि पाठांतर तिथेच संपतं. जोडीने काहीतरी ठरवायच्या भागात नुसतं ‘या, गुट’ (हो, छान) म्हणत मान डोलावू नका. वेळ सुचवा, नाही म्हणा, पर्याय द्या. लेखनात एक पत्र असतं आणि त्यासाठी चार मुद्दे दिलेले असतात. भाषा उत्तम, पण मुद्दा सुटला, की गुण जातात. प्रत्येक मुद्द्यावर दोन वाक्यं, वर मायना आणि खाली समारोप, एवढी शिस्त पाळली की निम्मं काम झालं.

त्यानंतरच्या 100 तासिकांची परीक्षा सोपी आहे. 310 प्रश्नांचा संच जाहीर असतो, त्यातले 33 येतात, 15 बरोबर आले की पास. नागरिकत्वासाठी 17 लागतात. आठवडाभरात घोकून होतं, म्हणून लोक हे तास मनावर घेत नाहीत. नाझी चिन्हांवर बंदी का आहे, हे तिथे नीट कळतं. धार्मिक स्वस्तिकावर त्या कायद्याचा रोख नाही, तरी फ्लॅटच्या बाहेरच्या दारावर ते काढलं की शेजारी का बिथरतात, याचा उलगडा व्हायला ते तास बसून ऐकावे लागतात.

पैसे वसूल होतात का? जोडीदार म्हणून आलेल्यांसाठी नक्कीच. ब्लू कार्डवाल्यांनाही हिशेब करण्यासारखा आहे: ए-1 वर कायम निवास 27 महिन्यांनी, बी-1 वर 21 महिन्यांनी. नागरिकत्वालाही बी-1 लागतंच. मात्र त्यांना सकाळच्या बॅचपेक्षा संध्याकाळचा खासगी वर्ग आणि थेट बी-1 परीक्षा हाच रस्ता बरा. नोकरीसाठी हा कोर्स पुरेल ही अपेक्षा ठेवू नका. नर्सला साधारण बी-2 लागतं, डॉक्टरला त्यावर वैद्यकीय भाषेची सी-1 पातळीची परीक्षा. पुढचे व्यावसायिक भाषावर्ग वेगळे आहेत आणि त्यांचा अर्जही वेगळा. डीटीझेडचा निकाल हातात पडायची वाट न बघता त्यांची चौकशी आधीच करून ठेवावी, कारण जागा भरलेल्या असल्या तर मधल्या महिन्यांत बोलणं पुन्हा अडखळायला लागतं.