कॉलेजच्या कोर्ससाठी सादरीकरण शिकायचंय: पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, इम्प्रेस की कॅनव्हा?

सादरीकरणाचा कोर्स घेतलाय पण कोणतं सॉफ्टवेअर धरायचं ते ठरत नसेल, तर आधी कोर्सचा आराखडा उघडा आणि एवढंच शोधा: गुण कशाला आहेत, फाइलला की बोलण्याला? नावावरून हे दोन्ही प्रकारचे कोर्स सारखेच वाटतात. पहिल्या प्रकारात शिक्षक तुमची फाइल उघडतात. मास्टर (सगळ्या स्लाइडचा मूळ साचा) नीट लावलाय का, मथळे मथळ्याच्याच चौकटीत आहेत का, चार्ट खरा आहे की चित्र चिकटवलंय, नोट्स लिहिल्यात का, हे सगळं तपासलं जातं. दुसऱ्या प्रकारात फाइलच्या आत कोणी डोकावत नाही. तुम्ही वर्गासमोर उभे राहता, आणि मागे पडद्यावर दिसतंय त्याची तुमच्या बोलण्याला मदत झाली का, एवढंच पाहिलं जातं.

माझं मत आधीच सांगते. फाइल तपासली जाणार असेल तर पॉवरपॉइंट शिका, ते हाताशी नसेल तर इम्प्रेस, म्हणजे लिब्रेऑफिसमधलं मोफत सॉफ्टवेअर. काम गटानं करायचं असेल तर गूगल स्लाइड्स. कॅनव्हा चांगलं आहे, पण शिकण्याची सुरुवात त्यावर करू नये. हे मत का झालं, त्याचं मोठं कारण मास्टर.

मास्टर आणि लेआउट

स्लाइडवर मजकूर दोन तऱ्हेनं बसतो. एक म्हणजे लेआउटनं (एका प्रकारच्या स्लाइडच्या तयार मांडणीनं) आधीच आखून दिलेली चौकट, म्हणजे प्लेसहोल्डर. दुसरा म्हणजे आपण हातानं काढलेला सुटा टेक्स्ट बॉक्स. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून नवशिक्यांना फरक कळतच नाही. तो कळतो चाळीस स्लाइड झाल्यावर, जेव्हा सगळे मथळे थोडे लहान करायचे असतात. मथळे प्लेसहोल्डरमध्ये असतील तर मास्टरवर एकदा बदल केला की काम झालं. सुट्या बॉक्समध्ये असतील तर चाळीस वेळा क्लिक. शिवाय स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या व्यक्तीला एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना मथळ्याच्या प्लेसहोल्डरचाच आधार असतो. सुट्या बॉक्समधला मथळा तिच्यासाठी मथळा नसतोच.

ही उतरंड सर्वांत स्वच्छ दिसते ती पॉवरपॉइंटमध्ये: वर मास्टर, त्याखाली लेआउट, त्याखाली तुमची स्लाइड. नव्या कोऱ्या फाइलमध्ये ११ लेआउट तयार मिळतात, आणि स्लाइड मास्टरमध्ये जाऊन स्वतःचा लेआउट बनवून त्यात हव्या तिथे प्लेसहोल्डर ठेवता येतात. स्लाइड विस्कटली तर होम टॅबवरचं रीसेट बटण दाबा, चौकटी पुन्हा लेआउटच्या जागेवर बसतात. आपलं आपण तपासायचं असेल तर आउटलाइन व्ह्यू उघडा. स्लाइडवर दिसणारा जो मजकूर तिथे दिसत नाही, तो सुट्या बॉक्समध्ये आहे. शिक्षक काही सांगण्याआधीच चूक सापडते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

इम्प्रेसमध्येही मास्टर आहे आणि आउटलाइन व्ह्यूही आहे, त्यामुळे सवय योग्यच लागते. उणीव लेआउटची. ते ठरावीक आहेत, स्वतःचा नवा बनवता येत नाही. वेगळी मांडणी हवी तर आणखी एक मास्टर करावा लागतो. पॉवरपॉइंटची फाइल इम्प्रेसमध्ये उघडली की बऱ्याचदा मास्टरांची लांबलचक यादी दिसते, तीही याचमुळे: तिथला प्रत्येक लेआउट इथे वेगळा मास्टर होऊन येतो. घाबरून काही पुसून टाकू नका.

गूगल स्लाइड्समध्ये याच कामाला थीम बिल्डर म्हणतात. लेआउट बनवता येतो, त्यात प्लेसहोल्डर घालता येतात. पण आउटलाइन व्ह्यू नाही, त्यामुळे वरची चाचणी करता येत नाही. कॅनव्हात रंग आणि फॉन्ट सगळ्या पानांना झटक्यात लावता येतात, मात्र मास्टर, लेआउट, प्लेसहोल्डर ही उतरंड नाही. ज्या कोर्सात हेच शिकायचं आहे, त्यात कॅनव्हा निवडलं तर मुख्य धडाच राहून जातो.

फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की

पॉवरपॉइंटचं पीपीटीएक्स स्वरूप ऑफिस २००७ पासून आलं आणि २००८ मध्ये आयएसओ (आंतरराष्ट्रीय) प्रमाण झालं. इम्प्रेसचं ओडीपी ज्या ओपनडॉक्युमेंट कुटुंबातलं आहे, ते २००६ मध्येच प्रमाण झालं होतं. दोन्ही खुली प्रमाणं आहेत, तरी एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात उघडताना काही ना काही हलतंच. सर्वांत आधी हलतात फॉन्ट, मग अ‍ॅनिमेशन आणि स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्या). म्हणून शिक्षक ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडणार आहेत, तेच तुमचंही असावं. फाइल तपासणाऱ्या कोर्ससाठी मी पॉवरपॉइंट सुचवते त्यामागे हेही कारण आहे.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांनी फॉन्टकडे जास्त लक्ष द्यावं. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) सोडून जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निव्वळ अगम्य चिन्हं होतो. युनिकोड वापरलं तरी विंडोजमधला निर्मला यूआय फॉन्ट मॅकवर असेलच असं नाही. मग तिथे दुसरा फॉन्ट येतो, ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि मजकूर चौकटीबाहेर ओघळतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे फॉन्ट सोयीचे: मोफत आहेत, गूगल स्लाइड्समध्येही मिळतात. पॉवरपॉइंटमध्ये सेव्हच्या पर्यायांत जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करता येतो. इम्प्रेसमध्ये देवनागरीसाठी फॉन्टची नोंद वेगळी असते, रोमन अक्षरांची वेगळी. फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर तसाच राहिला तर तिथे बघा.

आता एक गोष्ट, जी शिकवताना सहसा निसटते. पॉवरपॉइंट, इम्प्रेस, गूगल स्लाइड्स तिघांचंही रुंदी-उंचीचं गुणोत्तर १६:९ असलं तरी स्लाइडचं मूळ माप वेगळं असतं. पॉवरपॉइंटची स्लाइड १३.३३ इंच रुंद, इम्प्रेसची २८ सेंटिमीटर म्हणजे साधारण ११ इंच, गूगल स्लाइड्सची १० इंच. प्रोजेक्टरवर तिन्ही एकाच आकाराच्या दिसतात, त्यामुळे आकडा तोच ठेवला तरी अक्षर तेवढंच दिसत नाही. पॉवरपॉइंटमधलं २४ पॉइंटचं अक्षर पडद्यावर जेवढं दिसेल, तेवढं दिसायला इम्प्रेसमध्ये साधारण २० पुरतात आणि गूगल स्लाइड्समध्ये १८. ‘२४ च्या खाली जाऊ नका’ असा नियम कुणी दिला, तर तो कोणत्या सॉफ्टवेअरसाठी आहे हे विचारून घ्या.

गटाचं काम

इथे गूगल स्लाइड्सला तोड नाही. चौघं एकाच वेळी चार स्लाइडवर काम करतात, कुणी काय बदललं ते आवृत्तींच्या इतिहासात राहतं, एखाद्या टिप्पणीत @ लावून काम नेमून देता येतं. ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ अशा नावांच्या फायली एकमेकांना पाठवायची वेळ येत नाही. पॉवरपॉइंटमध्येही फाइल वनड्राइव्हवर ठेवली तर एकत्र काम होतं, आणि ब्राउझरमधलं पॉवरपॉइंट मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यावर चालतं, त्यामुळे सगळ्यांकडे पूर्ण ऑफिस असायची गरज नाही. इम्प्रेस संगणकावर बसवून वापरताना मात्र एका फाइलवर एका वेळी एकानंच काम करावं.

गटात एक जोखीम कायम असते: प्रत्येक जण आपल्या जुन्या फाइलमधल्या स्लाइड आणून चिकटवतो आणि थीमची खिचडी होते. चिकटवताना थीमशी जुळवून घ्यायचा पर्याय निवडा, आणि थीम बिल्डरला हात लावणारी व्यक्ती एकच ठेवा.

चार्टबद्दल थोडक्यात. पॉवरपॉइंटचा चार्ट एक्सेलच्या तक्त्यातून येतो. गूगल स्लाइड्समध्ये शीट्समधला चार्ट जोडून ठेवता येतो, आकडे बदलले की अपडेट बटण दाबायचं. इम्प्रेसमध्ये चार्टचा स्वतःचा छोटा तक्ता असतो. तिन्हींत काम नीट होतं, यावरून निवड करू नका.

बोलण्याला गुण असतील तर

तर सॉफ्टवेअरचा प्रश्न मागे पडतो आणि स्लाइडवर काय ठेवायचं हा पुढे येतो. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीनं मॅकिंटॉशसाठी आणलं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी घेतली. सुरुवातीला त्याचं काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट तयार करण्याचं होतं. मथळा आणि त्याखाली मुद्द्यांची उतरती यादी हा साचा तेव्हापासून सगळ्यांनीच घेतला. नवी स्लाइड घ्या, बहुतेक ठिकाणी तोच समोर येतो.

या साच्याचा धोका किती खरा आहे, हे २००३ मध्ये दिसलं. नासाचं कोलंबिया अंतराळयान १ फेब्रुवारीला परतताना कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि त्याचं विश्लेषण यान वर असतानाच स्लाइडवर मांडलं गेलं होतं. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्षातला सुमारे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. ही माहिती एका स्लाइडच्या तळाशी, उपमुद्द्यांमध्ये होती. चौकशी मंडळानं अहवालात लिहिलं, की ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हा जीवघेणा प्रसंग आहे हे कळणार नाही, यात नवल नाही.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, मथळ्यात विषय लिहू नका, निष्कर्ष लिहा. ‘चाचणीचे निकाल’ असं नको. ‘चाचणीतला तुकडा खऱ्या तुकड्यापेक्षा ६४० पट लहान होता’ असं हवं. उपमुद्दे एका पातळीच्या खाली नेऊ नका. उरलेलं नोट्समध्ये लिहा.

अशा कोर्सला कॅनव्हा चालतं, कधी कधी शोभतंही. २०१३ पासून ते लोकांसमोर आहे, आणि रंगसंगतीची जाण नसलेल्यालाही नीटनेटकी स्लाइड देतं. पण तिथले गाजलेले साचे शिक्षकांनी पुष्कळदा पाहिलेले असतात, आणि पीपीटीएक्समध्ये फाइल काढली की मांडणी व अ‍ॅनिमेशन जसंच्या तसं येईल याची खात्री नसते. सजावट तयार मिळते, म्हणून तिच्यावर घालायचा वेळ वाचतो हे खरं. तो वेळ मजकुरावरच घालावा, एवढीच माझी कळकळ.

अ‍ॅपलचं यंत्र असेल तर कीनोट मोफत आहे आणि त्यातलं मॅजिक मूव्ह, म्हणजे एका स्लाइडवरची वस्तू पुढच्या स्लाइडवरच्या जागी सरकत नेणारा परिणाम, फार देखणं चालतं. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत त्यासारखंच मॉर्फ आहे. दोन स्लाइडवरच्या वस्तू एकच आहेत हे त्याला कळत नसेल, तर सिलेक्शन पेनमध्ये दोन्हींना !! नं सुरू होणारं तेच नाव द्या. प्रेझीची झूम होत जाणारी मांडणी नकाशा किंवा कालरेषा दाखवायला उपयोगी पडते. बाकी विषयांत ती सारखी फिरती हालचाल पाहणाऱ्याला शिणवते. गणित किंवा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, लाटेक् (समीकरणांसह मजकूर आज्ञा लिहून मांडण्याची प्रणाली) येत असेल तर, त्यातलं स्लाइड बनवण्याचं बीमर बघावं. त्यात समीकरणं हवी तशी येतात आणि शेवटी पीडीएफ मिळते, जी कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसते.

सादरीकरणाच्या दिवशी

पॉवरपॉइंट आणि इम्प्रेस दोन्हींत एफ५ नं पहिल्यापासून आणि शिफ्टसह एफ५ नं चालू स्लाइडपासून सादरीकरण सुरू होतं. पॉवरपॉइंटमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो आणि वर्गाचं लक्ष तुमच्याकडे येतं. आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, प्रश्नोत्तरांत हे फार कामी येतं. इम्प्रेसमध्ये नोट्स, पुढची स्लाइड आणि वेळ दाखवणारा प्रेझेंटर कन्सोल आहे, पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूसारखाच. फोनवरून स्लाइड बदलायला इम्प्रेस रिमोट हे अ‍ॅपही मिळतं.

गूगल स्लाइड्सवाल्यांनी इंटरनेटवर विसंबू नये. क्रोम किंवा एजमध्ये ऑफलाइन वापर आदल्या दिवशीच चालू करून ती फाइल ऑफलाइनसाठी नोंदवा, ऐन वेळी नेट गेल्यावर तो चालू करता येत नाही. त्याच फाइलची पीडीएफ पेन ड्राइव्हवर ठेवा. स्लाइडमध्ये यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर तो पीडीएफमध्येही चालणार नाही आणि ऑफलाइनही नाही, तेव्हा त्यातलं एक दृश्य चित्र म्हणून शेजारी ठेवा आणि व्हिडिओत काय दिसलं असतं ते दोन वाक्यांत सांगायची तयारी करून जा.