सोवळ्यातली पूजा आणि चोखोबांचा विठ्ठल

पंढरपूरला महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच संत चोखामेळ्यांची समाधी आहे. कोरडे कर्मकांड आणि खरी भक्ती यांची तुलना करायची, तर मला तिथेच उभे राहावेसे वाटते. आत षोडशोपचार बिनचूक पार पडत होते आणि बाहेर ज्याच्या श्वासाश्वासात विठ्ठल होता, त्या भक्ताला जातीमुळे उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले, याची मला आजही खंत वाटते.

म्हणून विधीच टाकाऊ ठरतो, असे मात्र मी म्हणणार नाही. माझी आजी तुळशीला पाणी घालताना तांब्या दोन्ही हातांनी धरायची, ओठ हलत असायचे. पण दारात कोणी उपाशी आले, की तांब्या वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवून आधी भाकरी आणायला आत जायची. याउलट एकादशीला भगर, रताळी, साबुदाण्याची खिचडी यांनी ताट भरायचे आणि त्याच दिवशी कामवाल्या बाईचा आजारपणाचा खाडा पगारातून कापायचा, हेही मी पाहिले आहे. विधी दोन्हीकडे होता.

वारीत एकमेकांच्या पाया पडणे हाही विधीच आहे. तिथे सत्तरीचे माळकरी आजोबा समोरच्या पोराची जात, वय न विचारता वाकतात.