सोनचाफा पिवळा पडलाय: हिराकस घालावे की चिलेट?

कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील, तर ते बहुधा नत्राचे दुखणे. त्याला पुढचे काहीच लागू नाही. गंमत अशी, की बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत लोहाला तोटा नसतो. चुनखडी आणि बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट त्याला असे जखडतात, की मुळांना ते उचलता येत नाही. अनंत, एक्झोरा, बॉटलब्रश यांचीही हीच रड.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त; त्यात लोह १९-२० टक्के. पण चुनखडीच्या मातीत नुसते टाकले तर ते थोड्याच दिवसांत गंजून मातीत अडकते. टाकायचेच तर एक भाग हिराकस दहा भाग कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर ओलसर ठेवून मग द्यावे. फवारणी जास्त लागू पडते: लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम हिराकस, आणि लगेच संध्याकाळी फवारा. पूड हिरवट हवी. तपकिरी झालेली घेऊ नये.

खरी कटकट इथून पुढे. लोह पानातल्या पानातसुद्धा फारसे सरकत नाही. थेंब पडला तिथेच हिरवा ठिपका उमटतो, पान चितळासारखे दिसते. नवी पालवी पुन्हा पिवळीच येते, म्हणून दर १०-१२ दिवसांनी पंप उचलायचा. वीस फुटी चाफ्याच्या शेंड्यापर्यंत पंप पोचवणार कसा? शिवाय खालच्या फरशीवर गंजाचे डाग पडतात, ते घासून जात नाहीत.

चिलेट म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले, सहज न अडकणारे लोह. ते किलोमागे कितीतरी पट महाग, हे मान्य. त्यातही ईडीटीए प्रकारचे घेऊन फसू नका. मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की जमिनीत त्याची पकड सुटू लागते, ते फवारणीपुरते ठीक. मुळांशी द्यायला ईडीडीएचए प्रकारचे चिलेट हवे. त्यात लोह जेमतेम ६ टक्के, पण सामू साडेआठ असला तरी ते सुटून जात नाही. मध्यम झाडाला २०-२५ ग्रॅम १० लिटर पाण्यात कालवून खोडाजवळ नाही, तर फांद्यांच्या घेराखाली आळे करून ओतावे. पाणी गडद लाल दिसते, घाबरू नये. उन्हात ते नासते, म्हणून वर लगेच माती ओढावी. त्याच आठवड्यात डीएपी देऊ नये, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) लोहाला अडवतो. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी फुटते.

चार कुंड्यांतल्या एक्झोऱ्यासाठी हिराकस पुरेल, त्यावर खर्च कशाला वाढवा! जमिनीतल्या झाडाला मात्र माझा कल ईडीडीएचएकडेच. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबून पिवळेपणा आला असेल, तर दोन्ही पुड्या बाजूला ठेवून आधी पाण्याला वाट काढून द्या.