वेगळं होम, ८ जीबी स्वॅप आणि ते ५ टक्के: डेबियनच्या पार्टिशन मांडणीचा वापरानंतरचा अनुभव

ऐन लग्नसराईत माझ्या डीटीपीच्या मशीनवर अपडेट चालू असतानाच लाइट गेली आणि यूपीएसनेही दम सोडला. त्यानंतर डेबियन (माझी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) सुरूच होईना. हार्डवेअरवाल्याने बघितलं आणि सांगून टाकलं, “मालक, फॉरमॅट मारावं लागेल. डेटा पाहिजे असेल तर रिकव्हरीचे साडेतीन हजार वेगळे.” सोलापुरात पत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, कधी एकाच कार्डावर दोन भाषांत लागते. तो सगळा माल त्या मशीनवर. साडेतीन हजार कशाचे? मशीन उचललं, घरी आणलं आणि पेनड्राइव्हवरून डेबियन १२ परत टाकलं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डिस्कला हात न लावता मशीन सुरू होतं) जुनंच दुरुस्त करता आलं असतं, पण दारात गिऱ्हाईक असताना नव्याने टाकणं लवकर उरकतं.

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे वेगवेगळे कप्पे. माझी मांडणी साधी आहे. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे प्रत्यक्षात दिसतात २२३. त्यात ईएफआयला (मशीन सुरू करण्यासाठी लागणारा कप्पा) अर्धा जीबी, रूटला (खुद्द सिस्टिम आणि प्रोग्रॅम) ४०, स्वॅपला (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) ८ आणि उरलेलं सगळं, साधारण १७४, होमला (आपल्या फाइली आणि सेटिंग). परत टाकताना इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल (कप्पे स्वतः ठरवायचा पर्याय) निवडलं, रूट फॉरमॅट केलं आणि होमच्या पार्टिशनला माउंट पॉइंट (ते सिस्टिममध्ये कुठे जोडायचं ती जागा) देऊन ‘फॉरमॅट नको, आहे तो डेटा ठेवा’ असं सांगितलं. युजरचं नाव पूर्वीचंच दिलं. पहिल्या युजरला क्रमांक १००० मिळतो, त्यामुळे फाइलींची मालकीही जुळली.

खरा आनंद झाला तो फॉन्ट बघून. माझे सगळे फॉन्ट होममधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये होते, ते जागच्या जागी. इंकस्केप या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या सेटिंग, रंगांच्या पट्ट्या, सगळं तसंच. फ्लॅटपॅकचे (डेबियनच्या बाहेरून वेगळ्या पद्धतीने उतरवलेले) प्रोग्रॅम मात्र व्हार फोल्डरमध्ये, म्हणजे रूटच्याच पार्टिशनवर, असल्यामुळे गेले. पण त्यांची सेटिंग होममध्ये असतात. प्रोग्रॅम परत उतरवले आणि काम जिथे थांबलं होतं तिथून चालू. संध्याकाळी प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं. एवढ्यासाठी मी या मांडणीला पूर्ण गुण देतो.

आता तक्रार, आणि ती मी सोडणार नाही. पार्टिशनवर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (फाइली ठेवण्याची रचना) बनवताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य प्रशासकासाठी, राखून ठेवली जाते. रूट पार्टिशनवर हे योग्यच आहे. डिस्क गच्च भरली तरी सिस्टिमच्या सेवा चालू राहतात, लॉग (सिस्टिमच्या नोंदी) लिहिले जातात, फाइलींचे तुकडेही कमी होतात. पण होमवर कशाला? तिथे माझ्या पत्रिका आहेत, सिस्टिमचं काय काम? १७४ चे ५ टक्के म्हणजे पावणेनऊ जीबी. पैसे भरून घेतलेली जागा आणि मलाच वापरता येत नाही! मॅन्युअलमध्ये पार्टिशनच्या सेटिंगमध्ये ‘रिझर्व्हड ब्लॉक्स’ अशी ओळ असते, तिथे आकडा बदलता येतो. गाइडेड मार्गाने (कप्पे इन्स्टॉलरच पाडतो) गेलात तर कोणी विचारतच नाही. वेगळं होम हा पर्याय निवडला की त्या होमवर तरी हा आकडा आपोआप १ टक्क्यावर यायला हवा. नवा माणूस डिस्क भरली म्हणून दुसरी घ्यायला निघतो, आणि जागा त्याच्याच डिस्कवर पडून असते. आधीच डेबियन टाकलं असेल तर काही फॉरमॅट करावं लागत नाही. ट्यूनटूएफएस ही हा आकडा बदलणारी कमांड चालू मशीनवर, माउंट केलेल्या पार्टिशनवरच चालते. मी १ टक्का ठेवला आणि सात जीबी परत मिळवले.

स्वॅपबद्दल मत बदललं आहे. रॅम ८ जीबी असताना आणखी ८ जीबी अडकवायचे हे जिवावर आलं होतं. स्वॅप फाइल केली की भागतं, असंच मी सगळ्यांना सांगायचो. पण एप्रिल-मेमध्ये इथे लाइटचा भरवसा नसतो. यूपीएसची बॅटरी नवी घेतल्यापासून लाइट गेली की मशीन हायबरनेट करतो. रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहिलं जातं, आणि लाइट आल्यावर अर्धी पत्रिका उघडी तशीच समोर येते. फाइलवरूनही हे जमतं, पण तिची डिस्कवरची जागा वेगळी शोधून द्यावी लागते. पार्टिशनला ती भानगड नाही. एक लक्षात ठेवा, सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) हायबरनेट करू देत नाही. मी ते बंद केलं.

रूटचे ४० जीबी मात्र आता कमी पडायला लागले. फ्लॅटपॅकचे रनटाइम (प्रोग्रॅमना लागणारे सामाईक भाग) वाढत जातात, अॅप्टची (डेबियनच्या प्रोग्रॅम उतरवणाऱ्या साधनाची) उतरवलेली पॅकेजं साठतात, जर्नलचे लॉग वेगळेच. साफसफाई करून सध्या भागवतोय. होममधून दहा जीबी काढून रूटला द्यायचे म्हटलं तर होम अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) लहान करा, मग अख्खं पार्टिशन पुढे सरकवा, कारण ते रूटच्या मागे लागून आहे. तासन्‌तास डेटा हलत राहणार आणि मधे लाइट गेली तर संपलंच. एलव्हीएम (डिस्कवरचे कप्पे नंतरही लहान-मोठे करता येतील अशी मांडणी) घरच्या मशीनला कशाला, या मताचा मी होतो. आता नाही. एलव्हीएममध्येही होम लहान करायला अनमाउंट करावंच लागतं, पण सरकवासरकवी नाही, आणि रूट चालू मशीनवर वाढतं.

एक गैरसमज कोणी करून घेऊ नये. वेगळं होम म्हणजे बॅकअप नव्हे. एसएसडीच मेली तर रूट आणि होम दोन्ही एकदम जातात. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली ५०० जीबीची हार्डडिस्क मी केसिंगमध्ये टाकली आहे आणि आरसिंक या कमांडने त्यावर होमची नक्कल ठेवतो.

बायकोच्या मशीनवर डेबियन १३ टाकलं तेव्हा एलव्हीएम घेतलं: रूट ५०, स्वॅप ८, होम १२०, बाकी जागा कोणालाच न देता मोकळी. ज्याला लागेल त्याला वाढवून देऊ. वेगळं टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा कप्पा) केलं नाही, कारण १३ मध्ये ते मुळातच रॅममध्ये असतं. बूट (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा कप्पा) पूर्ण १ जीबीचं ठेवलं, कर्नल आणि त्यांच्या इमेज आता मोठ्या होत चालल्या आहेत. आणि होमचे राखीव ब्लॉक इन्स्टॉल करतानाच १ टक्का.