चौदा हजार किलोमीटरनंतर: फोर्कला हात लावण्याआधी पुढचा ॲक्सल बघा

मागच्या महिन्यात सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात ३४,००० रुपयांचं कोटेशन ठेवलं. माझ्या ॲडव्हेंचर मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांना, नव्या स्प्रिंगा, नवं तेल आणि मागे बाहेरच्या कंपनीचा शॉक. कारण काय, तर गाडी टणक चालते. मी कोटेशन खिशात घातलं, गाडी घेऊन घरी आलो. पंधरा दिवसांनी तीच गाडी १,८४० रुपयांत दुरुस्त झाली आणि आता नवी होती त्याहून मऊ चालते. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण खेड्यापाड्यात ॲडव्हेंचर गाडी वापरणाऱ्या आणखी कुणाचे तरी चौतीस हजार वाचावेत.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष गाडीच्या घडणीत नव्हता, आणि माझं भांडण एका सेंटरशी आहे. चारशे सीसीच्या आसपासची गाडी, पुढे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (फोर्क दबू शकतो ते अंतर), मागे लिंकेजवाला मोनोशॉक (सांधेदार दांड्यांनी चाकाला जोडलेला एकच शॉक), ॲडजस्टमेंट फक्त मागच्या प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते).

माझा ठिबकचा धंदा आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात शेतात जाऊन मापं घ्यायची, जोडणी करून द्यायची. त्यामुळे गाडी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर पळते आणि त्यातले निम्मे किलोमीटर डांबरावरचे नसतात. डांबर असलं तरी खाली आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात, आणि वरचा रस्ता दोन-तीन वर्षांत लाटेसारखा वरखाली होतो. त्यावर स्कूटर घेऊन फिरलेला माणूस पाठीचा पट्टा बांधूनच झोपतो. म्हणून ही गाडी घेतली.

गेल्या जूनमध्ये घेतली आणि पहिले पाच महिने मी खरंच खूश होतो. पावसाळ्यात पांदणीने जाताना गाऱ्याने टायर भरून यायचे, तरी पुढचा मडगार्ड उंच असल्यामुळे चाक जाम झालं नाही. माझ्या जुन्या गाडीला दर दोनशे पावलांवर काडी घालून मडगार्डखालची माती काढावी लागायची. ऑक्टोबरात परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाऊन आलो. घाटात गाडी इतकी शांत होती की परत आल्यावर मित्राला हीच घे म्हणून सांगितलं होतं.

नोव्हेंबरात ६,२०० किलोमीटरला पुढचा टायर बदलला. सेंटरमध्येच बदलला, थोडा जाड गट्ट्यांचा, शेतात पकड राहावी म्हणून. त्या दिवसापासून गाडी बिघडली.

बिघडली म्हणजे काय, ते नीट सांगतो. सगळं निदान यातच होतं आणि मला ते पाच महिने दिसलं नाही. मोठा खड्डा आला तर गाडी तो व्यवस्थित गिळायची. पण बारीक खडी, बैलगाडीच्या चाकोरीतल्या ढेकळांच्या कडा, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे सिमेंटचे जोड, म्हणजे जिथे फोर्क जेमतेम अर्धा-एक इंच हलायला हवा, तिथे प्रत्येक धक्का सरळ कोपरापर्यंत यायचा. यवतमाळहून आर्णीकडे येताना दर काही मीटरला टक, टक, टक. घरी आल्यावर तळहाताला मुंग्या. बायको मागे बसून एकदा माहेरी आर्णीला आली आणि म्हणाली, "परत जाताना मला एस्टीत बसवून द्या."

मी दोष टायरला दिला. गट्टे जाड, कडेची भिंत कडक, अजून काय होणार. जुना टायर परत घालावा का, हा विचार दोन महिने डोक्यात होता. टायर आणि ॲक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) दोन्हीला एकाच दिवशी हात लागला होता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त टायर होता.

आधी हवा तपासली. गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी पुढे २९, मागे ३२ पीएसआय लिहिलंय. गावातल्या पंक्चरवाल्याने ३० सांगून भरलेली हवा माझ्या डिजिटल गेजवर ४१ निघाली. त्याच्या मीटरचा काटा हवा सोडल्यावरही शून्यावर येत नव्हता. हवा नेहमी सकाळी, गाडी न चालवता मोजा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्यावरून आलेल्या टायरचं प्रेशर कितीतरी वर गेलेलं असतं, आणि ते बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी टायर खाली बसतो. गेज साडेचारशे रुपयांचं होतं, ते घ्याच. हवा बरोबर केल्यावर फरक पडला. माझ्या अंदाजाने चार आणे. बारा आणे त्रास तसाच राहिला.

मग मी एक चूक केली, जी बहुतेक सगळे करतात. गाडी टणक वाटते म्हणून मागचा प्रीलोड पूर्ण कमी केला. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी खाली बसते. परिणाम असा झाला की मागे बायको आणि बॉक्समध्ये सामान असताना पांदणीच्या पहिल्याच मोरीवर शॉक तळाला लागला आणि मणक्यात कळ गेली. खाली बसलेली गाडी जास्त टणक वाटते, कारण धक्का घ्यायला जागाच उरत नाही. प्रीलोड पुन्हा मूळ जागेवर आणला.

यानंतर पहिल्यांदा सेंटरला गेलो. ॲडव्हायझर म्हणाला, "सर, ॲडव्हेंचर गाडी आहे, अशीच असते." मी म्हटलं, पाच महिने अशी नव्हती. त्याने एक चक्कर मारली, सेंटरसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर, आणि ओके लिहून दिलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते ३४,००० चं कोटेशन.

कोटेशन बघून राग आला, पण त्यामुळेच मी नीट विचार करायला बसलो. स्प्रिंग कडक आहे की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय आवळायचा, खाली सरकवून सीलला (नळीतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला) टेकवायचा आणि गाडी चालवायची. फोर्क जितका दबतो तितका टाय नळीवर सरकतो. माझ्या दुकानात केबल टायची पोतीच पडलेली असते. दारव्ह्याजवळच्या शकुंतला या नॅरोगेज रेल्वेच्या एका जुन्या फाटकावरून आणि पुढच्या एका खोल खड्ड्यातून गाडी काढली. टाय १६५ मिलिमीटरवर. २०० पैकी १६५. स्प्रिंग खरंच कडक असती तर फोर्क इतका दबलाच नसता. आणि तेल जाड असतं तर डिसेंबरच्या सकाळी त्रास जास्त आणि एप्रिलच्या दुपारी कमी व्हायला हवा होता. माझ्या तळहातांना दोन्ही वेळा सारख्याच मुंग्या.

यवतमाळला एक जुने मिस्त्री आहेत, साठी ओलांडलेले. त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी गाडी सरळ धरायला लावली, पुढचा ब्रेक दाबून हँडल दोनदा खाली रेटलं आणि म्हणाले, "भाऊ, हे स्प्रिंगचं काम नाही. हा फोर्क कुठीतरी धरून रायला. मोजून पाहा, मंग समजते."

मोजायचं कसं, ते त्यांनी दाखवलं. मी गाडीवर बसलो, दोघांनी दोन बाजूंनी धरलं. पहिल्यांदा हँडल हळूच खाली दाबून, अलगद सोडून, फोर्क स्वतः वर येऊन जिथे थांबतो ते माप घेतलं. मग हँडल वर उचलून, अलगद सोडून, फोर्क खाली येऊन जिथे थांबतो ते. दोन्ही मापं एकाच वजनाखाली, एकाच स्प्रिंगवर. ती जवळजवळ सारखी यायला हवीत. थोडा फरक प्रत्येक फोर्कला असतोच, सीलचं घर्षण असतं. माझ्या गाडीवर खालून वर येताना फोर्क ७१ मिलिमीटर दबलेला राहिला आणि वरून खाली येताना ४३ वरच थांबला. मध्ये २८ मिलिमीटरचा फरक.

हे आकडे पाहिल्याबरोबर मला सगळं समजलं, कारण माझा रोजचा धंदा हाच आहे. ठिबकच्या फिल्टरवर दोन प्रेशर गेज असतात, एक पाणी आत जाताना, एक बाहेर येताना. एकट्या गेजचा आकडा काहीच सांगत नाही. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर तुंबलाय. इथेही तेच. ७१ आणि ४३ यांचा मध्य ५७ येतो, म्हणजे २०० ट्रॅव्हलच्या जवळपास तीस टक्के. रायडरसकट फोर्क साधारण इतकाच बसायला हवा. म्हणजे स्प्रिंग माझ्या वजनाला अगदी बरोबर आहे. तुंबलंय दुसरंच काहीतरी.

मिस्त्रींनी पुढचं चाक उचललं, उजव्या फोर्कच्या तळाशी ॲक्सलला चिमटा घेणारे दोन बोल्ट असतात ते सैल केले. फक्त सैल केले, काढलेही नाहीत. आणि माझ्या डोळ्यांसमोर फोर्कचा उजवा पाय, म्हणजे उजवी नळी, ॲक्सलवर बाहेरच्या बाजूला सरकला. तीनेक मिलिमीटर असेल. आवाज आला, कुलपातली किल्ली फिरते तसा बारीक. ॲक्सलवर जिथे तो पाय पाच महिने आवळलेला होता तिथे एक चमकदार पट्टा दिसत होता. टायर बसवणाऱ्याने पाय आपल्या जागी बसायच्या आधीच चिमटा आवळला होता. दोन्ही नळ्या वरून समांतर आणि खाली आत ओढलेल्या. अशा नळ्या बुशात (नळी ज्यात सरकते त्या कड्यात) घासत जातात. मोठा धक्का ते घर्षण तोडून फोर्क दाबतो. बारीक धक्क्यात तितका जोर नसतो, म्हणून फोर्क हलतच नाही आणि सगळा मार हातात येतो.

बरोबर पद्धत अशी. ॲक्सल निघालाच आहे तर काचेवर फिरवून वाकलेला नाही ना ते बघा, साफ करून बारीक ग्रीस लावून परत घाला. ॲक्सल पुस्तकातल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळा. चिमट्याचे बोल्ट सैलच ठेवा. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरा आणि फोर्क पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. उजवा पाय आपली जागा स्वतः शोधतो. त्यानंतरच चिमटा आवळा, तोही टॉर्क रेंचने. दहा मिनिटांचं काम आहे.

पुन्हा मोजलं. ६२ आणि ५२. फरक २८ वरून १० वर आला आणि मध्य तोच, ५७. स्प्रिंगला कुणी हातही लावला नव्हता.

मागच्या बाजूचाही हिशेब निघाला. शॉकचा खालचा बोल्ट काढून चाक हाताने वरखाली केलं तर ते मध्येच अडकत होतं. लिंकेजच्या एका नीडल बेअरिंगमधून तांबडी भुकटी निघाली, ग्रीसचा थेंब नाही. यात माझा वाटा आहे. पावसाळाभर वॉशिंग सेंटरवर मी प्रेशरचं पाणी तिथेच मारून घेत होतो, काळी माती निघावी म्हणून. आता तिथे बादली आणि ब्रश. बेअरिंग आणि सील ६४०, ग्रीसचा डबा ३००, मजुरी ९००.

नंतर मी सेंटरला परत गेलो. ॲक्सलवरच्या पट्ट्याचा फोटो आणि नोव्हेंबरचं जॉबकार्ड समोर ठेवलं. ॲडव्हायझरने मान्य केलं नाही. बाहेरच्या माणसाने गाडी उघडली, आता आमची जबाबदारी नाही, हे त्याचं उत्तर. टायर बसवताना टॉर्क रेंच वापरला होता का, या प्रश्नाला उत्तरच नाही. मागे एका गाडीचं पुढचं चाक हवेच्या गनने आवळणं चालू होतं, ते मी त्यालाच दाखवलं. तिथला एक तरुण मेकॅनिक मात्र बाहेर आला, मोजायची पद्धत माझ्याकडून नीट समजून घेतली, वहीत लिहून घेतली. त्या मुलाचं मला कौतुक आहे.

गाडीबद्दल माझं मत आता पुन्हा ऑक्टोबरसारखं झालंय. सीट दोन तासांनंतर टोचते, हेडलाइट पांदणीत कमी पडतो, ॲव्हरेजबद्दल तक्रार नाही. आणि ज्या टायरला मी पाच महिने शिव्या दिल्या तो उत्तम आहे. परवा बायको आर्णीहून माझ्यासोबतच परत आली, रस्ताभर फोनवर बहिणीशी बोलत.

एक गोष्ट अजून बाकी आहे. कालपासून उजव्या फोर्कच्या नळीवर तेलाचं बारीक कडं दिसतंय. पाच महिने तिरकं घासून सील खाल्लं गेलंय, असं मिस्त्रींचं म्हणणं. गाडी वॉरंटीत आहे आणि मी लेखी अर्ज दिलाय, सोबत ७१-४३ आणि ६२-५२ ही दोन्ही मापं जोडून. सोमवारी बोलावलंय.