मेट्रोलगत भाड्याने राहावे की बोळींजला स्वतःचे घर घ्यावे?

दहिसर ते अंधेरी या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या आणि बेताचे उत्पन्न असलेल्या कुटुंबापुढे सध्या मुख्यतः दोन पर्याय आहेत. एक, मेट्रोलगत भाड्यानेच राहणे. दुसरा, विरार-बोळींजच्या म्हाडा वसाहतीत घर विकत घेणे.

मेट्रो २अ आणि ७ यांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. दोघांच्या नोकऱ्या आणि मुलांची शाळा याच मार्गावर असेल, तर रोजचा वाचणारा वेळ भाड्याइतकाच मोलाचा आहे. मात्र जाहिरातीतले ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ ऐन गर्दीच्या वेळी स्वतः चालून पाहावे. मेट्रो ७ द्रुतगती महामार्गावरून धावते आणि घर पलीकडच्या बाजूला असेल, तर पादचारी पुलाचे जिने चढण्या-उतरण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

भाड्याच्या घराची खरी अडचण करारात आहे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीवर, राहणाऱ्याला जुन्या भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही, आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. त्यामुळे मेट्रो आली आणि परिसराचा भाव वाढला, की वाढीचा लाभ घरमालकाला होतो व सामान बांधण्याची पाळी भाडेकरूवर येते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने तीन वर्षांत दोन घरे बदलली, आणि दर वेळी मुलीची शाळा थोडी लांब गेली. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयीपासून तिची सर्वाधिक गरज असलेलाच माणूस दूर लोटला जावा, हे मला अन्यायाचे वाटते.

बोळींजला ही टांगती तलवार नाही. कर्जाचा हप्ता भरला, की घरातून कोणी उठवत नाही. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही, पण राहण्यासाठीच घेणाऱ्याला ही अट जाचक नाही. मोल द्यावे लागते ते प्रवासात : आधी स्थानकापर्यंत शेअर रिक्षा, मग सकाळची विरार लोकल, आणि कामाचे ठिकाण मेट्रोवर असल्यास पुन्हा गाडी बदलणे. पाणीपुरवठ्याची चौकशी विक्री कार्यालयात न करता तिथे राहणाऱ्यांकडे करावी.

स्थानकाजवळच्या जुन्या इमारतीतील वन-रूम-किचन हा तिसरा पर्याय, सहा टक्के मुद्रांक शुल्कासह परवडत असेल, तरच विचारात घ्यावा.

माझे मत असे की, घरात लहान मूल असेल आणि दोघेही नोकरी करत असतील, तर तूर्त भाड्यानेच राहावे. पण करार तीन वर्षांचा करून, वार्षिक वाढीची टक्केवारी त्यात लिहून घ्यावी आणि तो नोंदवावा. कमावणारी व्यक्ती एकच असून काम पश्चिम रेल्वेच्या स्थानकाजवळ असेल, तर मात्र बोळींजचे घर अवश्य पाहून यावे.