एक्झरसिझम, दिवाळी ते पावसाळा: नवशिकीच्या नजरेतून

महिनाअखेरची व्याजाची पडताळणी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करते हे ऑफिसात फुटल्यापासून "कुठे शिकलात?" हा प्रश्न सुरू झालाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. शिक्षण बीकॉम, कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल. दिवाळी झाल्यावर एक्झरसिझम या प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या वेबसाइटवर खातं उघडलं, ते अजून टिकलंय. माझ्या बाबतीत हेच विशेष.

कॅट्रिना ओवेन यांनी २०१३ मध्ये हे सुरू केलं. ना-नफा तत्त्वावर चालतं, देणगी ऐच्छिक, शिकायला पैसे लागत नाहीत. सत्तरहून जास्त प्रोग्रॅमिंग भाषांचे ट्रॅक, म्हणजे अभ्यासक्रम, आहेत. छोटा धडा, मग एक गणित, आणि त्या गणितासाठी आधीच लिहून ठेवलेल्या टेस्ट, म्हणजे उत्तर आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम. तुमचा कोड त्या टेस्टमधून गेला की पुढे.

पहिलं गणित मला फार आवडलं. कोड तयारच असतो, तो "गुडबाय, मार्स!" म्हणतो आणि टेस्टला हवं असतं "हॅलो, वर्ल्ड!". म्हणजे पहिल्याच मिनिटाला लाल पाटी, आणि ती तुमच्यामुळे नाहीच. त्यात लिहिलेलं असतं: अपेक्षित हे होतं, मिळालं ते. एरर ही वाचायची गोष्ट आहे, घाबरायची नव्हे, हे कोणी भाषण न देता कळतं. पायथननेही अलीकडे या बाबतीत बरीच सुधारणा केली आहे. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून कंस उघडा राहिला तर तो कुठे उघडला होता ते दाखवतं. आधी पुढच्याच कुठल्या तरी ओळीवर बोट ठेवायचं आणि आपण तिथे शोधत बसायचं.

याआधी मी टेलिग्रामवरच्या प्रोग्रॅमिंगच्या एका मराठी ग्रुपात होते. तिथलं चित्र ठरलेलं. "नमस्कार सर, एक डाउट आहे, विचारू का?" मग शांतता. दुपारी कोणीतरी "विचारा की." मग स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो, त्यात एरर अर्धी कापलेली. मग "गुगल करा." मग एखाद्याचं सुविचाराचं फूल. माणसं वाईट नव्हती हो. पण विचारणाऱ्याला काय द्यायचं ते ठाऊक नाही आणि सांगणाऱ्याला काय मागायचं ते सुचत नाही, मग दोघंही वैतागतात.

जाणकार म्हणतात, प्रश्न नीट विचारावा: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, आणि अडचण दिसेल एवढाच कोड. अगदी खरं. पण अडचण दाखवणारा तेवढाच कोड वेगळा काढता आला, तर अर्धं प्रोग्रॅमिंग आलंच की! नवख्याकडून पहिल्याच दिवशी आपण हे मागतो. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून चालू आहे. नव्या लोकांना आणि स्त्रियांना आपल्या साइटवर परकं, तुच्छ लेखल्यासारखं वाटतं हे त्यांनी २०१८ मध्ये स्वतःच जाहीरपणे मान्य केलं होतं. पुढे २०२४ मध्ये नवख्यांचे प्रश्न सगळ्यांसमोर येण्याआधी त्यांच्याशी बोलून नीट करून घ्यायची वेगळी जागा केली. चांगलंच केलं. तरी तिथेही प्रश्न तुम्हालाच मांडावा लागतो.

एक्झरसिझमने ते ओझंच काढून टाकलंय. मेंटर, म्हणजे तुमचा कोड बघून मार्गदर्शन करणारा, मागितला की त्याच्यासमोर तुमचा कोड असतो, आधीचे प्रयत्न असतात, गणित त्याला माहीत असतं, आणि हा ट्रॅक कशासाठी करताय ते तुम्ही लिहिलेलं असतं. बोलणं दोघांतच राहतं, चारचौघांत नाही. वर्गात हात वर केला की "एवढंही येत नाही?" ऐकलेल्यांना या आडोशाची किंमत वेगळी सांगायला नको.

एक उदाहरण देते. 'रेनड्रॉप्स' नावाचं गणित आहे. संख्येला ३ ने भाग गेला तर "प्लिंग", ५ ने "प्लँग", ७ ने "प्लाँग". यातल्या एकाहून जास्त संख्यांनी गेला तर ते आवाज जोडून. कशानेच नाही तर संख्या तशीच. मी इफ-एलिफची शिडी केली, म्हणजे एकाखाली एक अटी, पहिली जुळली की तिथेच थांबायचं: आधी १०५, मग १५, २१, ३५, मग सुटे ३, ५, ७, शेवटी उरलेलं. सगळ्या टेस्ट हिरव्या. मेंटरने आधी विचारलं, १०५ सगळ्यात वर का ठेवलंस? मी कारण लिहिलं. मग त्याचा दुसरा प्रश्न: उद्या ११ चाही आवाज आला तर? कागदावर मांडलं, तर आठ पायऱ्यांच्या सोळा झाल्या. १३ आला की बत्तीस. मग लक्षात आलं की शिडी लागतच नाही. तीन स्वतंत्र इफ, प्रत्येक जण आपला आवाज रिकाम्या स्ट्रिंगला (मजकुराला) जोडतो, आणि शेवटीही ती रिकामीच असेल तर संख्या. त्याने उत्तराची एक ओळही दिली नव्हती. (मी सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी केली होती. त्याने नुसत्या नावाने हाक मारायला सांगितलं. प्रोफाइलवरून माझ्या भाच्याच्या वयाचा दिसत होता.)

आता खटकणारं. मेंटर सगळे स्वयंसेवक, त्यामुळे उत्तर कधी येईल याचा नेम नाही, आणि एका वेळी किती चर्चा चालू ठेवायच्या यावरही मर्यादा आहे. थांबलेल्या वेळात पुढची गणितं करता येतात, मी तेच करते. धडे इंग्रजीत, आणि पायथनचे काही चांगलेच लांबलचक. पायथनचं सुरुवातीचं गणित लझान्या या थराथरांच्या इटालियन पदार्थाचं: ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं, प्रत्येक थराच्या तयारीला दोन. सांगलीत लझान्याचे थर कोण मोजतंय? चालतं म्हणा, गुणाकार-बेरीजच आहे.

मोठी उणीव मात्र दुसरी. इथे प्रश्न मांडावा लागत नाही, म्हणून तो मांडायची सवयही लागत नाही. ऑफिसातली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरात ठेवलेला तक्ता) पायथनने वाचेना तेव्हा हे जाणवलं. तिथे कोणी टेस्ट लिहून ठेवलेल्या नव्हत्या, आणि खातेदारांची नावं-रकमा असलेली फाइल बाहेर कुणाला दाखवायचा सवालच नाही. म्हणून तीन ओळींची खोटी फाइल बनवली. खोटी नावं, खोटे खाते क्रमांक, रकमा मूळ फाइलमध्ये दिसतात तशाच धर्तीच्या. दोन ओळी वाचल्या गेल्या, तिसरीवर अडलं: "१,२५,०००". स्वल्पविराम! मजकुराची दशांश संख्या करणाऱ्या फ्लोटला तो चालत नाही, आधी काढून टाकावा लागतो. प्रश्न कुणाला पाठवायच्या आतच सुटला. हे तीन ओळींचं तंत्र एक्झरसिझमवर कुठेतरी शिकवायला हवं होतं असं मला अजून वाटतं. तिथली गणितं इतकी स्वच्छ असतात की घाणेरडा डेटा समोर येतच नाही.

कोणी खातं उघडणार असाल तर मोबाइलवर करू नका, कोड टाइप करताना जीव जातो. आणि मेंटर मागताना दोन चौकटी भराव्या लागतात, तिथे नुसतं "प्लीज चेक" लिहू नका. मी लिहिलं होतं, "टेस्ट पास आहेत, पण माझी इफची शिडी फार लांब वाटते." मोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, माझं मोडकंच होतं.